सभोवार ध्वनी

सभोवार ध्वनी : श्रोत्याच्या केवळ समोरूनच नव्हे, तर दोन्ही बाजूंनी व पाठीमागूनही आवाज यावा अशा रीतीने ध्वनिक्षेपकांची (विद्युत् संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनांची) मांडणी करून केलेले ध्वनीचे पुनरुत्पादन. चित्रपटगृहात व घरगुती चित्रपट-संचात ही पद्धती वापरतात आणि व्यवहारात तिला ‘सराउंड’ असेच म्हटले जाते. तिच्यातील मार्गांची (परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या ध्वनिप्रवाहांची) संख्या ५.१, ६.१, ७.१ अशी लिहितात. दशांश चिन्हाआधीचा अंक पूर्ण पल्ल्याच्या मार्गांची संख्या दाखवितो, तर नंतरचा १ हा सु. १२० हर्ट्‌झपर्यंतच्या खर्जातील आवाजांसाठी राखलेला वेगळा मार्ग दर्शवितो. ५.१ मध्ये समोर तीन आणि बाजूंना, किंचित मागे, दोन मार्ग असतात. ६.१ मध्ये श्रोत्याच्या थेट पाठीमागे एक व ७.१ मध्ये पाठीमागे दोन मार्ग जादा असतात.

या जादा मार्गांचा इतिहास वरवर पाहता ध्वनिक्षेपकांची संख्या वाढत गेल्याचा इतिहास वाटतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी नको असलेला आवाज दूर ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. चित्रपटात पाठीमागून येणारा आवाज (पाऊस, वारा, गर्दीची कुजबुज, दूरची गाडी) बहुधा मंद असतो, आणि मंद आवाज ऐकू यावयाचा तर आधी शांतता हवी. सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या व मिरवणुकींच्या शहरात हा प्रश्न कोणते रूप घेतो, ते नोंदीच्या उत्तरार्धात पाहिले आहे.

दिशेचे ज्ञान : माणसाचे दोन कान परस्परांपासून सु. १८ सेंमी. अंतरावर असतात. उजवीकडून आलेला ध्वनी डाव्या कानापर्यंत जास्तीत जास्त सु. ०·६ ते ०·७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो व मस्तकाच्या आडोशामुळे क्षीणही होतो. या दोन भेदांवरून मेंदू दिशा ठरवितो, असे विवेचन लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) या इंग्रज भौतिकीविज्ञांनी १९०७ मध्ये केले. तथापि या विवेचनात एक अडचण राहते. उजवीकडे पण थोड्या पुढे असलेल्या आणि उजवीकडेच पण तितक्याच मागे असलेल्या उद्‌गमांमुळे होणारे हे भेद जवळजवळ सारखेच असतात. तेव्हा ‘पुढे की मागे’ हा निर्णय त्यांवरून होऊ शकत नाही. तो मुख्यतः बाह्य कर्णाच्या पाळीवरील घड्यांमुळे होतो. समोरच्या व मागच्या ध्वनीतील उच्च कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) या घड्यांमुळे निरनिराळ्या प्रकारे बदलतात, आणि तो बदल ओळखण्याची सवय कानाला बालपणापासून लागलेली असते. शंका आल्यास माणूस मान किंचित वळवितो व तिचे निरसन करून घेतो.

येथेच पाठीमागील जादा मार्गांचे मूळ आहे. समोरच्या दोन ध्वनिक्षेपकांतून सारखाच आवाज सोडला, तर तो त्यांच्या मधोमध असलेल्या रिकाम्या जागेतून येतो असा भास होतो. संपूर्ण स्टिरिओ पद्धती या भासावर उभी आहे. परंतु दोन ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या डाव्या-उजव्या कुशीला ठेवून तोच प्रयोग केल्यास पाठीमागे तसा भास स्थिर राहत नाही. आवाज डोक्यातच घुमल्यासारखा वाटतो किंवा झेप घेऊन समोर येतो. म्हणजे पाठीमागून आवाज हवा असेल, तर पाठीमागे ध्वनिक्षेपक ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. ही साधी गोष्ट मान्य होण्यास सु. साठ वर्षे लागली.

चित्रपटगृहातील प्रारंभ : चित्रपटगृहातील पहिला मोठा प्रयोग वॉल्ट डिझ्नी यांच्या फँटेशिया या चित्रपटासाठी झाला (१९४०). लिओपोल्ड स्टोकोव्हस्की (१८८२–१९७७) यांच्या वाद्यवृंदाचे संगीत वेगळ्या फिल्मवरील तीन मार्गांवर नोंदले होते आणि चौथ्या नियंत्रक मार्गाच्या साहाय्याने त्याची पातळी कमीजास्त केली जाई. ‘फँटासाउंड’ हे नाव मिळालेली ही यंत्रणा अवजड व महागडी असल्याने मोजक्याच ठिकाणी बसविली गेली. १९५० नंतर दूरचित्रवाणीच्या स्पर्धेमुळे अमेरिकी निर्मात्यांनी पडदा रुंद केला व त्याबरोबर ध्वनीही विस्तारला. सिनेरामामध्ये (१९५२) सात चुंबकीय मार्ग होते. सिनेमास्कोप पद्धतीच्या द रोब (१९५३) या चित्रपटात फिल्मच्या कडांवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या. त्यांतील चौथी पट्टी प्रेक्षागृहातील ध्वनिक्षेपकांसाठी होती.

या चौथ्या पट्टीची गोष्ट उद्‌बोधक आहे. ती अरुंद असल्यामुळे तिच्यातून सतत एक सूक्ष्म खरखर येई. पडद्यामागील खरखर संवादांत बुडून जात असे. प्रेक्षकाच्या खांद्यामागून येणारी मात्र चटकन लक्षात येई. म्हणून पट्टीवर १२,००० हर्ट्‌झचा एक खुणेचा सूर नोंदवीत. तो सूर असेपर्यंतच मागचे ध्वनिक्षेपक चालू राहत, एरवी ते बंद असत. मागच्या मार्गाला बोलता करण्याआधी त्याला गप्प कसे ठेवावे याचा विचार करावा लागला. पुढील प्रत्येक टप्प्यावर ही अडचण नव्या स्वरूपात येत राहिली.

१९५५ पासून ७० मिमी. रुंदीच्या फिल्मवर सहा चुंबकीय मार्ग देण्यात येऊ लागले. त्यांपैकी पाच पडद्यामागे व एकच प्रेक्षागृहात असे. भारतात बोलपटाचा प्रारंभ आलम आरापासून (१९३१) झाला आणि पुढे चार दशके बहुतेक सर्व चित्रपटांना एकच प्रकाशीय ध्वनिमार्ग होता. अराउंड द वर्ल्ड (१९६७) हा ७० मिमी.चा पहिला भारतीय चित्रपट होय. परंतु बहुमार्गी ध्वनीची खरी ओळख मराठी-हिंदी प्रेक्षकाला शोलेने करून दिली. हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. तो ३५ मिमी. फिल्मवर चित्रित करून नंतर ७० मिमी.वर विस्तारलेला होता. मुंबईत राजकमल कलामंदिरासारख्या ध्वनिमिश्रणगृहात मंगेश देसाई यांच्या तोडीचे कसबी तंत्रज्ञ असूनही सहा मार्गांच्या मिश्रणाची सोय नव्हती, म्हणून ते काम लंडनमध्ये करून घेण्यात आले. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला. नाणेफेकीच्या प्रसंगात नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असली, तरी लोकांच्या लक्षात गोळीबारापेक्षा नाण्याचा बारीकसा आवाज राहिला ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

चुंबकीय पट्ट्यांच्या प्रती महाग असत, त्या झिजत, आणि त्यांसाठी प्रक्षेपकावर वेगळे शीर्ष बसवावे लागे. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी पोहोचणारी प्रत बहुधा एकमार्गी असे. एकाच चित्रपटाची दोन रूपे, एक महानगराचे व एक गावाचे, अशी विभागणी सु. वीस वर्षे टिकली.

डॉल्बी व चंडीगढ : रे डॉल्बी (१९३३–२०१३) हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोतर्फे भारत सरकारचे तांत्रिक सल्लागार होते व चंडीगढ येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत काम करीत होते. ध्वनिफितीची खरखर कमी करण्याची त्यांची कल्पना भारतातील वास्तव्यातच आकारास आली, असे सांगितले जाते. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी आपली प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांच्या योजनेचे तत्त्व असे : ध्वनी नोंदताना त्यातील फक्त मंद भाग वाढवून नोंदावयाचा आणि ऐकविताना तितक्याच प्रमाणात कमी करावयाचा. मूळ ध्वनी होता तसा राहतो. मात्र फितीची खरखर नोंदणीनंतर मिसळलेली असल्यामुळे ती या उतरंडीत कमी होते. मोठा आवाज खरखरीला झाकतोच, म्हणून त्याला हात लावण्याचे कारण नाही. थोडक्यात, डॉल्बी हे नाव गोंगाट हटविण्याच्या युक्तीमुळे प्रसिद्धीस आले. महाराष्ट्रात त्या नावाचे पुढे जे झाले ते खाली आले आहे.

खरखर घटल्यामुळे अरुंद प्रकाशीय पट्टीवर एकाऐवजी दोन मार्ग नोंदणे शक्य झाले, आणि त्या दोनांत चार मार्ग दडविण्याची आव्यूह पद्धती (मार्गांची ठराविक प्रमाणात बेरीज-वजाबाकी करून ते कमी मार्गांत भरण्याची रीत) स्वीकारण्यात आली. मध्यमार्गाचा संकेत दोन्ही पट्ट्यांत सारखाच मिसळतात. मागच्या मार्गाचा संकेत दोहोंत परस्परविरुद्ध कलेत (एकात शिखर असता दुसऱ्यात दरी) मिसळतात. ऐकविताना दोन्ही पट्ट्यांची बेरीज केली की मध्यमार्ग आणि वजाबाकी केली की मागचा मार्ग मिळतो. याच तत्त्वावरील चौमार्गी ध्वनिमुद्रिका १९७० नंतर पाश्चात्त्य बाजारात आल्या होत्या. परंतु परस्परांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धतींच्या भांडणात त्या दशकाच्या अखेरीस त्या नामशेष झाल्या. चित्रपटगृहात मात्र स्टार वॉर्सच्या (१९७७) यशानंतर ही पद्धती रुजली. हिंदीत १९४२ : अ लव्ह स्टोरी (१९९४) हा तिचा अवलंब करणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत गणला जातो. त्यानंतरच्या काही वर्षांत जिल्ह्यांच्या ठिकाणची चित्रपटगृहेही ‘स्टिरिओ’च्या पाट्या लावू लागली. प्रकाशीय पट्टी साध्या प्रतीवरच असल्याने महानगराची व गावाची प्रत पुन्हा एक झाली, हे या पद्धतीचे मोठेच श्रेय म्हटले पाहिजे.

घरातील प्रवेश : दोन मार्गांत दडलेला मागचा मार्ग चित्रफितीच्या दोन मार्गांतही तसाच उतरतो. तेव्हा घरी तो उलगडून दाखविणारे उपकरण १९८२ मध्ये विक्रीस आले. साध्या वजाबाकीने उलगडलेले शेजारचे मार्ग एकमेकांत मिसळत. त्यांच्यातील भेद जेमतेम ३ डेसिबेल असे. समोरचे संवाद मागून ऐकू येऊ लागले की सगळा परिणाम हास्यास्पद होई. यावर तीन उपाय योजले. मागचा मार्ग सु. ७,००० हर्ट्‌झच्या वर कापून टाकला, त्याला खरखर कमी करणारे वेगळे मंडल दिले, आणि तो सु. २० मिलिसेकंद उशिरा सोडला. शेवटच्या उपायामागे हेल्मूट हास या जर्मन संशोधकांचा १९४९ मधील निष्कर्ष आहे. एकच ध्वनी थोड्या अंतराने दोन दिशांनी आल्यास कान पहिल्याची दिशा खरी मानतो, दुसरा काहीसा मोठा असला तरीही. समोरून आधी आलेले संवाद त्यामुळे समोरच राहिले. १९८७ मधील ‘प्रो लॉजिक’ या सुधारणेत ज्या क्षणी ज्या दिशेचा आवाज प्रबळ असेल, ती दिशा ओळखून इतर मार्ग दाबण्याची सोय झाली.

अंकीय ध्वनिमुद्रणाने ही सर्व कसरत अनावश्यक ठरविली. बॅटमन रिटर्न्समध्ये (१९९२) फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधील जागेत, तर जुरासिक पार्कमध्ये (१९९३) वेगळ्या तबकडीवर ५.१ मार्ग अंकीय स्वरूपात नोंदले होते. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी तबकडी आली व हेच मार्ग घरात आले. मागचे दोन मार्ग आता स्वतंत्र, पूर्ण पल्ल्याचे व खरखरविरहित होते. भारतात मात्र त्या सुमारास डीव्हीडीपेक्षा स्वस्त व्हीसीडीचा प्रसार अधिक होता, आणि व्हीसीडीत दोनच मार्ग मावत. एक खर्जपेटी व पाच लहान पेट्या असलेले संच ‘होम थिएटर’ या नावाने शहरोशहरी खपले. दोन मार्गांचा उद्‌गम जोडल्यास यांतील बरेचसे संच समोरचाच आवाज मागे जसाच्या तसा देत. पाच पेट्या म्हणजे पाच मार्ग, हा समज तेव्हापासून रूढ झाला.

पाठीमागील जादा मार्ग : ५.१ मधील दोन मागचे मार्ग चित्रपटगृहात बाजूच्या भिंतींपासून मागच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या अनेक ध्वनिक्षेपकांना वाटून दिलेले असतात. त्यामुळे ‘मागे’ म्हणजे नेमके कोठे, हे सांगता येत नाही. डोक्यावरून पाठीमागे निघून जाणारे यान दाखवावयाचे, तर ते दोन्ही बाजूंना विरून जाई. अमेरिकी ध्वनिरचनाकार गॅरी रिड्‌स्ट्रॉम यांनी डॉल्बी प्रयोगशाळेच्या सहकार्याने यावर तोडगा काढला आणि स्टार वॉर्स मालिकेतील द फँटम मेनेस (१९९९) या चित्रपटात तो प्रथम वापरला गेला. मागच्या भिंतीवरील ध्वनिक्षेपक बाजूंच्या रांगांपासून तोडून त्यांना तिसरा मार्ग देण्यात आला. हा तिसरा मार्गही नव्याने नोंदलेला नव्हता. तो डाव्या-उजव्या मागच्या मार्गांत जुन्या आव्यूह पद्धतीनेच मिसळलेला होता. अंकीय युगात शिरल्यावरही बेरीज-वजाबाकीची जुनी युक्ती कामी आली, याचे कारण व्यावहारिक आहे. जुन्या यंत्रणेच्या चित्रपटगृहात तीच प्रत काहीही न बदलता ५.१ म्हणून चाले. प्रतिस्पर्धी डीटीएस कंपनीने घरगुती तबकडीसाठी सहावा मार्ग खरोखरच स्वतंत्रपणे नोंदण्याची सोय केली. जुन्या उपकरणासाठी तो दोन मार्गांत मिसळलेलाही असे, आणि नवे उपकरण त्यातून तो वजा करून घेई.

घरात ६.१ आल्याबरोबर कानाचा जुना दोष उघड झाला. श्रोत्याच्या बरोबर पाठीमागे एकच ध्वनिक्षेपक ठेवल्यास दोन्ही कानांना मिळणारा संकेत सारखाच असतो, आणि समोर मधोमध ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाचाही तो तसाच असतो. परिणामी मागचा आवाज अनेकांना समोरून आल्यासारखा वाटे. म्हणून एकच मार्ग असला तरी तो दोन पेट्यांतून, एकमेकींपासून काही अंतरावर, ऐकवावा असा सल्ला दिला जाऊ लागला. पेट्या दोन झाल्याच आहेत तर मार्गही दोन असावेत, या विचाराने ७.१ ची वाट मोकळी झाली. २००३ मध्ये आलेल्या ‘प्रो लॉजिक टू-एक्स’ या पद्धतीने दोन किंवा ५.१ मार्गांतून सात मार्ग काढण्याची सोय केली. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रे तबकडीत सात पूर्ण मार्ग, ध्वनीचा कोणताही अंश न गाळता, नोंदता येऊ लागले. चित्रपटगृहांनी या बाबतीत घरांच्या मागून पाऊल टाकले. मागच्या भिंतीला दोन स्वतंत्र मार्ग देणारी डॉल्बीची ७.१ पद्धती टॉय स्टोरी ३ (२०१०) या चित्रपटाबरोबर आली.

७.१ च्या मांडणीत बाजूचे ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या समोरील रेषेपासून सु. ९० ते ११० अंशांवर व मागचे सु. १३५ ते १५० अंशांवर असावेत असा संकेत आहे. ही योजना शास्त्रदृष्ट्या निर्दोष असली, तरी तिचा लाभ ज्यांच्या घरी आसनामागे जागा आहे त्यांनाच होतो, आणि सातही मार्ग मुळातच स्वतंत्रपणे नोंदलेले चित्रपट तबकड्यांवर अल्पसंख्यच राहिले. बहुतेक घरांतील मागच्या दोन पेट्या उपकरणाने अंदाजाने काढलेला आवाज ऐकवीत आल्या आहेत.

सोलापूर : या शहरात मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांचा प्रेक्षकवर्ग आहे. एकाच आवारात अनेक पडदे असलेला भागवत चित्रमंदिरांचा समूह येथील चित्रपटप्रेमाची साक्ष देतो. जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी सैराट (२०१६) हा चित्रपट याच परिसरात चित्रित केला. त्याचे संगीत अजय-अतुल यांनी लॉस अँजेल्स येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले. एवढा ध्वनिसंभार असलेल्या या चित्रपटाचा शेवट मात्र पूर्ण निःशब्द आहे. रक्ताने माखलेली बालपावले उमटत जातात तेव्हा एकाही मार्गातून काही ऐकू येत नाही, आणि प्रेक्षागृहातील स्वतःचा श्वास व शेजाऱ्याचा हुंदका तेवढा उरतो. मागच्या ध्वनिक्षेपकांचे मौन इतक्या परिणामकारकपणे वापरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

घरातील परिस्थिती वेगळी. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाल्यापासून सोलापुरात कामगारांची वस्ती वाढत गेली. चाळीतील खोली किंवा जुन्या वाड्यातील माजघर यांत बसणाऱ्याची पाठ बहुधा भिंतीलाच टेकलेली असते. तेथे पाठीमागचे ध्वनिक्षेपक कानाशेजारी येतात. दुसरी अडचण भिंतींची व जमिनीची. जवळच्याच शहाबादहून येणारी चुनखडकाची फरशी या भागात घरोघर आढळते. ती उन्हाळ्यात थंडावा देते, पण ध्वनी मुळीच शोषीत नाही. प्रतिध्वनिकाल (आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबेलांनी उतरण्यास लागणारा वेळ) काढण्याचे वॉलेस सेबाइन यांचे सूत्र लावून पाहता १२ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच अशा रिकाम्या, गिलावा केलेल्या, फरशीच्या खोलीत, पृष्ठभागांचे सरासरी शोषण शेकडा ४ धरल्यास, हा काल २ सेकंदांहून अधिक येतो. चित्रपट ऐकण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा काल इष्ट होय. दोन सेकंदांच्या घुमण्यात पुढचे-मागचे सर्व मार्ग कालवले जातात, मग ते पाच असोत की सात.

यावरचा स्वस्त उपाय सोलापुरातच विणला जातो. जाड सुती चादर भिंतीला चिकटवून न टांगता चार बोटे अंतर सोडून, चुण्या पडतील अशी टांगली, तर ती मध्यम व उच्च कंप्रतांचा ध्वनी चांगला शोषते. गाद्या, उशा व माणसे यांची भर पडून शोषक क्षेत्र १२ चौ. मी.पर्यंत गेले, तर त्याच खोलीचा काल सु. अर्ध्या सेकंदावर येतो. खर्जावर मात्र चादरीचा इलाज चालत नाही. उन्हाळ्यात पारा ४० अंश से.वर गेला म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदास सु. ३५५ मी. होतो. घरगुती अंतरांत या वाढीने काही बिघडत नाही. बिघडते ते डोक्यावर पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याने. संवाद ६० डेसिबेलांवर ऐकले, तर मागच्या मार्गांतील वारा-पाऊस ४० च्या आसपास असतो, आणि पंखा व रस्ता मिळून त्याला सहज झाकून टाकतात.

याहून गंभीर गोष्ट कानाची आहे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग घरालगत, काही ठिकाणी घरातच, चालतात. मागांच्या शेडमधील आवाज ९० डेसिबेलांहून अधिक असू शकतो. भारतीय कारखाना-नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही कमाल मर्यादा आहे. दीर्घकाळ अशा गोंगाटात काम केल्यास श्रवणशक्ती प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खचते व पुढे ही हानी वरच्या कंप्रतांकडे पसरते. ती भरून येत नाही. वर सांगितल्याप्रमाणे पुढचा-मागचा भेद कान नेमक्या याच कंप्रतांच्या आधारे करतो. विणकराला संवाद ऐकू येतात, गाणे ऐकू येते, त्यामुळे आपले काही गमावले आहे हे त्याला पुष्कळदा उमगतही नाही. रस्त्यावर पाठीमागून येणारी दुचाकी कोणत्या बाजूने येत आहे हे मात्र त्याला उशिरा कळते. कानात घालावयाच्या बोळ्यांची किंमत क्षुल्लक आहे. तरीही त्यांचा वापर विरळाच आढळतो.

‘डॉल्बी’ हा शब्द : पश्चिम महाराष्ट्रात व सोलापुरात ‘डॉल्बी’ या शब्दाचा रूढ अर्थ चित्रपटगृहाशी निगडित राहिलेला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेली, मिरवणुकीत वाजविली जाणारी ध्वनिक्षेपकांची भिंत असा तो आहे. चित्रपटगृहांच्या पाट्यांवरून ‘भारी आवाज’ याचा पर्याय म्हणून हे नाव लोकांच्या तोंडी बसले असावे. या भिंतींचा मूळ कंपनीशी काहीही संबंध नाही. ज्याने आयुष्य खरखर कमी करण्यात घालविले त्याचे नाव गोंगाटाला मिळावे, हा भाषेतील एक विलक्षण अपघात होय. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ या घोषणेत तर ते निषेधाचे लक्ष्यच झाले. तांत्रिक दृष्टीने पाहता ही भिंत सभोवार ध्वनीच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. तिच्यातील सर्व पेट्या एकच संकेत एकाच दिशेने फेकतात, त्यातही खर्जाचा जोर अधिक, आणि अरुंद गल्लीतील दोन्ही बाजूंच्या भिंती तो परतवून देतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकांवरील निर्बंध कायम ठेवले.

सोलापूरच्या मिरवणुकीला दुसरी परंपराही आहे. गणेशोत्सवातील येथील लेझीम-ताफे प्रसिद्ध आहेत, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदिध्वजांबरोबर हलगीचा ठेका चालतो. लेझीमचा फेर धरणारे प्रेक्षकाच्या पुढून, बाजूने व पाठीमागून जातात. प्रत्येकाच्या चकत्यांचा नाद वेगळ्या ठिकाणाहून येतो व तो पुढे सरकतानाही कळतो. लेझीमच्या नादात उच्च कंप्रतांचे प्रमाण मोठे असल्याने त्याची दिशा कानाला अचूक सापडते. सात मार्गांनी जे साधावयाचे, ते येथे शंभर माणसे विजेविना साधतात. ध्वनिक्षेपकांची भिंत शेजारून निघाली की यातले काही ऐकू येत नाही.

नंतरच्या पद्धती : २०१२ पासून आलेल्या ‘अ‍ॅटमॉस’ पद्धतीत मार्गांची संख्या ठरविण्याऐवजी प्रत्येक आवाजाबरोबर त्याचे स्थान नोंदले जाते आणि चित्रपटगृहातील यंत्रणा आपल्याकडील ध्वनिक्षेपकांप्रमाणे, कमाल ६४ गटांत, त्याची वाटणी करते. छतावरही ध्वनिक्षेपक आले. २०१४ मध्ये ही पद्धती घरात आली, व ७.१.४ अशा तीन अंकी खुणेतील शेवटचा अंक वरच्या ध्वनिक्षेपकांचा झाला. पाठीमागे स्वतंत्र मार्ग असावा की नसावा हा वाद त्यामुळे मागे पडला. तो कोठे ठेवावा हा घरमालकाचा प्रश्न तेवढा उरला. लहान घरांतून आता हे सर्व कर्णध्वनिक्षेपकांत (हेडफोनमध्ये) ऐकण्याकडे कल आहे. मस्तक व पाळी यांमुळे ध्वनीत होणारे बदल गणिताने काढून ते संकेतात आधीच घातले जातात, म्हणजे पाठीमागे काहीही नसताना मागून आवाज आल्याचा भास होतो. तथापि पाळीच्या घड्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात. सरासरी कानाच्या मापावर केलेले हे गणित काहींना अचूक लागू पडते, तर काहींना मागचा पाऊस समोरच पडताना ऐकू येतो.